हरणीची फटफटी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ जानेवारी

तीर्थस्वरूप संयोगिता वहिनींस,
धाकट्या दिराचा शि. सा. न. वि. वि.

घर सुखरूप आहे, म्हैस सुखरूप आहे, मी दोघांच्या मधे आहे. जयसिंगपूरहून येताना माझी चहापूड, साखर आणि पांघरूण घेऊनच आलो. यजमान घरी नसताना राखणदार पाहुण्यानं कसं वागावं हे शास्त्रात कुणी लिहिलेलं नाही, आणि आपले नियम आपणच करायचे तर ते कडक करावेत. म्हणून सोप्यात झोपतो. तुमचा पलंग, तुमचा मिसळणाचा डबा आणि देव्हाऱ्याजवळची दादांची तपकिरीची डबी यांना हात लावलेला नाही. मागच्या दाराची बिजागरी मात्र फारच करकरत होती, तिला तेल घातलं.

महिषी म्हणजे म्हैस आणि महिषी म्हणजे पट्टराणी, हे मी शाळेत जन्मभर शिकवलं. अर्थ आत्ता कळला. म्हातारी, भाकड, दुधाचा थेंब नाही, पण घर सगळं हरणीच्या वेळेनं चालतं. तुम्ही बजावल्याप्रमाणे रोज दिवेलागणीला दादांची फटफटी गल्लीत काढून चालू करतो. दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीत शिंगं रंगवून ती या आवाजामागं पळायची आणि दादा मागं वळून तिच्याकडेच बघत गाडी हाकायचे, ते डोळ्यांपुढं येतं. आता दादा नाहीत, पण आवाज कानी पडल्याशिवाय ती वैरणीला तोंड लावत नाही, हे तुमचं सांगणं अख्ख्या पेठेला पाठ आहे. गाडीच्या सायलेन्सरला भोक आहे, धूर तर यज्ञासारखा. म्हशीखातर सगळे सोसतात.

पहिल्या दिवशी किक मारताना माझी चप्पल समोर आण्णा पैलवानांच्या ओट्यावर जाऊन पडली. त्यांनी ती परत फेकली आणि म्हणाले, की मास्तर, पायात जोर न्हाय तर मंत्र म्हणून बघा की.

तुम्ही याल तेव्हा एक लहानशी भेट तयार ठेवायचा विचार आहे. आत्ता सांगत नाही. पूर्णिमाला आशीर्वाद. लोभ आहेच; तो वैरणीसारखा रोज थोडा घालत जावा.

आपला,
उदयसिंह


बेंगळुरू
१३ जानेवारी

उदयभाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पूर्णिमाचा रक्तदाब वर-खाली चाललाय. दिवस भरत आलेत, डॉक्टरनी पडून राहायला सांगितलंय. ती पडून आणि मी तिच्या उशाशी बसून, असं चाललंय. जावई सम्राट बिचारा माझ्या हातची भाकरी खाऊन मला बरं वाटावं म्हणून चौथी मागतो.

बिजागरीला तेल कशाला घातलंत? त्या करकरीवरून मला कळायचं की मागनं कोण आलं. आता चोर आला तर तुमची संस्कृतं ऐकून पळेल, तेवढाच भरोसा. भाऊजी, घर हाय तसं राहू द्या. भेट बीट काही नको.

निघताना घाईत बोलायचं राहिलं ते लिहिते. तिथं काही बरं-वाईट झालं, हरणीचं असो नाहीतर भिंतीचं, तर मला लगेच कळवायचं. फोनवर नको, फोन पूर्णिमा उचलते, आणि फोनवर माणूस सगळं ठीक आहे म्हणून मोकळा होतो. तुमच्या अक्षराला खोटं लिहायची सवय नाही.

तुमचे दादा गेले तेव्हा मी जोतिबाला होते. जीप आली, दादांना जरा चक्कर आली म्हणून सांगितलं. जीपमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वाटेत गाडी थांबवून त्यांनी मला चहा पाजला. मी तो पिऊन वर साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. मग गल्लीच्या तोंडाशी दारातल्या चपला दिसल्या. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. परत कुणी मला असा चहा पाजू नये.

थंडी आहे, कानटोपी घालत जावा. तुमच्या नियमांत तिला बंदी नसावी. हरणीच्या पाठीवरनं माझ्या नावानं हात फिरवा. लोभ कमी पडला तर मागून घ्या.

तुमची वहिनी,
संयोगिता


बेंगळुरू
२१ जानेवारी

ती. उदयकाकांस,
सा. न. वि. वि.

काल मी फोन केल्यावर तुम्ही हरणी खात नाही म्हणालात तेव्हा आई बाजूलाच होती, म्हणून मी नुसतं बरं बरं म्हणत राहिले. तुम्हाला विचित्र वाटलं असेल. काका, कृपा करून आईला यातलं काही कळवू नका. तिला कळलं की ती रात्रीच्या गाडीत बसेल. बाबांनंतर हरणी तिच्यासाठी काय आहे ते मी बघितलंय. डॉक्टर म्हणतात कोणत्याही दिवशी दाखल व्हावं लागेल. मला भीती वाटते, काका. इतकी मोठी झाले तरी आत जाताना आई दारात हवी आहे.

बाळ झालं की मीच तिला सगळं सांगेन. तोवर हरणी सुधारेलही. रागावू नका. माया असू द्या, ती हल्ली मला फार लागते.

तुमची,
पूर्णिमा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ जानेवारी

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतोय, सम्राट सकाळी स्टँडवरून घेऊन येईल. पूर्णिमानं मला हे लिहू नका म्हणून विनवलं आहे. तिच्यावर रागावू नका, ती घाबरली आहे. मी दोन दिवस दोघींची पत्रं समोर ठेवून बसलो. शेवटी असं ठरवलं, की तिच्या भीतीवर तुम्ही इलाज करू शकाल, पण मी तुम्हाला पाजलेल्या चहावर कुणाकडेच इलाज नाही.

हरणीनं खाणं सोडलं आहे. पाणी पिते, तेही माझ्या भिडेखातर. गुरांच्या डॉक्टरांनी वय झालं असं सांगितलं आणि सुई दिली. पण कारण मला ठाऊक आहे, आणि ते मी आहे. भेट म्हणालो होतो ना? तुमचं पत्र यायच्या आधीच मी फटफटी कोपऱ्यावरच्या नईमच्या गॅरेजात नेली होती. इंजिन साफ, नवा सायलेन्सर, धूर बंद. जुना सायलेन्सर काढण्याआधी नईमनं विचारलं, की वहिनींना विचारलंय न्हवं? मी म्हणालो, भेट कधी विचारून देतात का. गाडी आता मांजरासारखी गुरगुरते. पेठेनं माझं कौतुक केलं, आणि त्याच आठवड्यात हरणी बसली.

काल नईमनं भंगारात टाकलेला जुना सायलेन्सर शोधून परत बसवला. आवाज पुन्हा तस्साच, खिडक्या थडथडल्या. हरणीनं मान वळवली नाही. मोडलेलं जोडलं जातं, पण तिचा विश्वास मी मोडला असावा.

येणं न येणं तुमच्यावर. माझ्याकडून लपवलेलं आता काही उरलं नाही. लोभ ठेवा असं या पत्राखाली लिहिण्याचा अधिकार मला वाटत नाही.

उदयसिंह


बेंगळुरू
२६ जानेवारी

भाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं. मग पूर्णिमाच्या उशाशी बसून तिलाही वाचून दाखवलं. ती रडली, मला म्हणाली, तू आता जाणार. मी म्हणाले, येडी का काय. मला कळवलं म्हणजे मी पळत सुटेन असं तुम्हा सगळ्यांना का वाटतं? कळल्यावर काय करायचं ते मला ठरवता येतं. एक जायला निघाली आहे, एक यायला निघालं आहे. माझी जागा येणाऱ्यापाशी. मी येत नाही.

आता तुम्ही खरं लिहिलंत, तर मलाही लिहिलं पाहिजे. हरणीला ऐकू येत नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीत डॉक्टरनी सांगितलं, कान पार गेलेत. मी कुणाला बोलले नाही. भाऊजी, विधवा बाईनं रोज संध्याकाळी गल्लीत नवऱ्याची गाडी काढून तिचा आवाज ऐकत उभं राहायचं, हे पेठेनं किती दिवस ऐकून घेतलं असतं? आण्णांनीच म्हटलं असतं, की संयोगिताचं डोस्कं फिरलं. म्हशीसाठी म्हटल्यावर कुणी हूं का चूं केलं नाही. मी इकडं आल्यावर आवाज बंद पडू नये, गाडीचं इंजिन धरू नये, म्हणून तुम्हालाही तेच सांगितलं.

तेव्हा सायलेन्सरचं पाप तुमच्या माथी नाही. तिचं वय झालंय आणि माझा हात नाही. न्हाणीजवळच्या खुंटीवर माझी जुनी हिरवी साडी आहे. सफाईच्या झपाट्यात धुतली नसलीत, तर ती अंगावर घेऊन तिच्यापुढं बसा. हाताने उसाच्या शेंड्यांचं वाडं भरवा. लोक हसतील, हसू द्या.

लोभाचं लिहायचा अधिकार नाही म्हणे. शहाणे आहात. माझा लोभ माझा आहे, तो कुठं ठेवायचा ते मी बघेन.

तुमची वहिनी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२९ जानेवारी

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हरणी आज सकाळी गेली. चक्कर आली नाही, तब्येत बरी नाही असं नाही. गेली.

साडी धुतली नव्हती. वहिनीच्या साडीला हात कसा लावायचा, या संकोचानं ती वाचली. काल दुपारी डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसलो. आण्णा दारात आले, बघितलं आणि आपलं मुंडासं काढून हातात धरून उभे राहिले. हरणीनं पदर बराच वेळ हुंगला. मग माझ्या हातून वाड्याची चार पानं खाल्ली, सावकाश, आणि पदरावरच मान टेकली. ती साडी मी तिच्याबरोबरच दिली. विचारलं नाही, ही माझी दुसरी न विचारता दिलेली भेट. मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला, मीठ घालून पुरली. नईम आणि तालमीची पोरं होती.

संध्याकाळी दिवेलागणीला मी फटफटी गल्लीत काढली. तिसऱ्या किकला लागली, चप्पल पायातच राहिली. खिडक्या थडथडल्या, धूर झाला. आण्णा ओट्यावरून म्हणाले, की मास्तर, म्हस गेली की, आता ही बोंब कुणासाठी? मी म्हणालो, की गाडी पडून राहिली तर इंजिन धरतं, रोज चालू करावीच लागते, मेकॅनिकनं सांगितलंय. नईम तिथंच उभा होता. त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, की व्हय आण्णा, रोज. एक दिवस चुकवून चालायचं न्हाय.

तेव्हा परत आल्यावर हे तुमच्या मागं कायमचं लागलं आहे, वहिनी. पेठेला सांगून झालंय. माझ्या अक्षराला खोटं लिहायची सवय नाही, असं तुम्ही म्हणता. बोलायची आजपासून लागली.

बाळाची बातमी आली की कळवा. त्या दिवशी गाडी जरा जास्त वेळ चालू ठेवीन. तुमचा लोभ तुम्ही ठेवाल तिथं ठेवा, तोवर मी आवाज राखतो.

आपला,
उदयसिंह