सवतीची सुट्टी

२ नोव्हेंबर

आज सवतीच्या पायांतले नाल काढले. चारही. नालबंद एकेक खिळा उपटत होता आणि मी दोरी धरून उभी — बारा वर्षांत जिच्या अंगाला हात लावला नाही त्या घोडीची! हे असते तर हसून बेजार झाले असते.

यांना जाऊन आज सत्तर दिवस. नाश्त्याला बसले, घाम येतोय म्हणाले, आणि संपलं. दवाखान्यापर्यंतही थांबले नाहीत.

रोज सकाळी आठला तबेल्यात, तासभर रपेट, रविवारी तर अख्खा दिवस. म्हणून मी तिला सवत म्हणायचे. तिच्यासमोरसुद्धा. दरवर्षी या महिन्यात तिला सहा आठवडे सुट्टी द्यायची, हा यांचा नियम. पाठीवर कोणी बसायचं नाही, नाल काढायचे, चंदीचा दाणा हळूहळू बंद करायचा, कुरणात मोकळं सोडायचं. वर्षभर माणूस वाहते, कंटाळत असेल, म्हणायचे. घोडीचं सगळं वहीत लिहून ठेवलंय. घराच्या दुसऱ्या किल्लीचा पत्ता मात्र मला अजून लागलेला नाही.

सुट्टी संपली की ती जाणार. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई न्यायला तयार आहेत. मी ठेवून काय करू? मला घोड्यातलं काय कळतं.

५ नोव्हेंबर

चंदी निम्मी केली. सवत रिकाम्या घमेल्यात तोंड घालून माझ्याकडे बघते. बघ. मीही यांच्या खुर्चीकडे अशीच बघते.

९ नोव्हेंबर

चूक केली. काल ती चिखलात लोळून बरबटली होती. आता थोडेच दिवस आपल्याकडे आहे, नीटनेटकी ठेवावी, म्हणून यांच्या ब्रशनं तासभर खरारा केला. अंग कसं चकाकत होतं. रात्री गार वारा सुटला आणि सकाळी ती थरथरत उभी.

तबेल्याचे काका कांबळं टाकता टाकता म्हणाले, "वहिनी, सुट्टीत खरारा करत नाहीत. अंगावरचं तेल, तो मळ, तेच तिचं पांघरूण असतं. तुम्ही तेच काढलंत."

मी तिथेच रडायला लागले. काकांना वाटलं घोडीसाठी. "होईल हो बरी," म्हणाले. त्यांना काय सांगू? परवा यांचं कपाट आवरायला काढलं. सगळे शर्ट धुतले, इस्त्री केली, ओळीनं लावले. आता एकाही शर्टाला यांचा वास नाही.

१० नोव्हेंबर

थरथर थांबली. गवत खाल्लं.

१७ नोव्हेंबर

रोज आठला जात होते. यांची वेळ. यांचं जाकीट घालून — तेवढं एक धुवायचं राहिलं होतं. ती फाटकाशी यायची, जाकिटाला नाक लावायची, मग माझ्यामागे रस्त्याकडे बघत राहायची. मी पण बघायचे.

आज काका म्हणाले, "तुम्ही गेलात तरी ती दुपारपर्यंत फाटक सोडत नाही. चरत नाही. अशानं तिला सुट्टी लागायची नाही, वहिनी. थोडे दिवस येऊ नका."

माझ्यासारखी वाट बघणारी जगात एवढी एकच होती. येत नाही म्हटलं.

१८ नोव्हेंबर

गेले नाही.

१९ नोव्हेंबर

आठ वाजता चपला घातल्या. काढल्या.

२९ नोव्हेंबर

रविवार. खायला उठतो.

दरवर्षी घोडीच्या सुट्टीत हे घरात चिडचिड करत फिरायचे. नळ दुरुस्त करायला घ्यायचे, तो आणखी गळायला लागायचा. गेल्या वर्षी मात्र वेगळंच. घोडी फार थकलीय म्हणून सहाच्या जागी दहा आठवडे सुट्टी दिली, आणि दर रविवारी मला तळ्यावर नेलं. बाकावर बसून शेंगदाणे खायचो. हे सोलून द्यायचे. एवढं माणसाळलेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी काय म्हणत होते? "सवत थकली म्हणून माझा नंबर लागला वाटतं." एकदा म्हणून थांबले नाही. दर रविवारी म्हणाले. हे नुसते हसायचे.

शेंगदाणे आणून ठेवलेत. सोलवत नाहीत.

१३ डिसेंबर

जवळजवळ महिन्यानं गेले. कुंपणाबाहेरूनच पाहिलं. अंगावर दाट केस आलेत, पोट सुटलंय, शेपटीत काटे. म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याच्या मानेला मान लावून उभी होती. हाक मारली. एक कान हलवला, आली नाही.

लागली तिला सुट्टी. मला बरं वाटायला हवं होतं. उद्या नाल ठोकायचे. परवा शिकवणाऱ्या बाई गाडी घेऊन येतील.

१४ डिसेंबर

नालबंद भट्टी पेटवत होता. मी सहज काकांना विचारलं, या वेळी सहा आठवड्यांत ताजी झाली, मग गेल्या वर्षी एवढी कशानं थकली होती?

काकांनी तिच्या शेपटीतला एक काटा उपटला. मग म्हणाले, "घोडी कुठे थकली होती, वहिनी? डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं, हृदय फार दिवस साथ देणार नाही. साहेब म्हणाले, हिला जास्त दिवस कुरणात ठेव, मला घरी राहायचंय. आणि घरी कळू देऊ नकोस, ती काळजी करत बसेल."

नाल न ठोकताच नालबंदाला परत पाठवलं; आणखी चार आठवडे सुट्टी. शिकवणाऱ्या बाईंना फोन करून सांगितलं, घोडी द्यायची नाही.

दहाच्या दहा रविवार माझे होते. आणि मी दहाही वेळा तिच्या नावानं बोटं मोडली.