साहेबासाठी घेतलेला ड्रम

९ एप्रिल, मंगळवार
सुमीचा फोन. नात माझी, मुंबईत जहाजांच्या इंग्रज कंपनीत हाय. तिचा सगळ्यात मोठा साहेब परळीला कामाला येतोय, गुरुवारी वाटेत आपल्याकडं जेवणार. मला लई आनंद. समुद्र मी पाह्यला न्हाई, पण जहाजवाला माझ्या ओसरीवर बसणार. पुरणाला डाळ हाय. पाणी न्हाई.

१० एप्रिल, बुधवार
टँकर आला. घरटी चार घागरी, वर एक ड्रम जनावरांसाठी, तो पाळीनं एकेका घराला. पाळी आमच्या महिला दूध संस्थेच्या फळ्यावर मीच लिहिते, अध्यक्ष म्हणून. आज शेजारच्या गयाची होती. तिची म्हैस परवाच व्यालीय. मी गयाचं नाव पुसलं, माझं लिहिलं. साहेब एवढ्या धुळीतून येणार, आंघोळीला पाणी नको?
गयानं फळा बघितला. "अक्का, अक्षर लई सुधारलं तुमचं." रिकामी बादली घेऊन गेली.

११ एप्रिल, गुरुवार
साहेब आला, संगं सुमी. साहेब ताडमाड, नाक उन्हानं लाल. बूट आपणहून दाराशी काढले. मोज्याला भोक. बायको न्हाई का म्हणून मी विचारलं, सुमीनं ते त्याला सांगितलंच न्हाई.
न्हाणीत दोन बादल्या ठेवल्या. त्यानं तांब्याभर वापरलं, बाकी तसंच.
सुमी त्याचं बोलणं मराठीत सांगत होती. बाप बंदरावर हमाल. हा सोळाव्या वर्षी जहाजावर भांडी घासायला. एकदा भर समुद्रात यंत्र बिघडलं, प्यायचं पाणी माणशी एक मग. कप्तान सगळ्यांच्या शेवटी प्यायचा. पुढं कचेरीत चढत चढत साहेब झाला, पण आंघोळ अजून तांब्याचीच.
"आजी, साहेब म्हणतात, तुमी अध्यक्ष, म्हंजे तुमीपण शेवटीच घेत असाल."
मी पोळीवर तूप वाढत राह्यले. भिंतीपलीकडं म्हैस ओरडत होती. ती का ओरडते, साहेबानं विचारलं. सवय हाय तिला, म्हणाले मी. लाज वाटली न्हाई जिभेला.

१२ एप्रिल, शुक्रवार
उरलेलं पाणी गयाकडं नेलं. म्हैस एका दमात प्याली.
"साहेबाची आंघोळ झाली का नीट?"
"न्हाई गं, त्यानं वापरलंच न्हाई."
"म्हंजे पाणी त्यानं परत दिलं. तुमी न्हाई."
चहा ठेवला न्हाई तिनं. मला चहा कमी लागतोय म्हणून माझ्यासाठी कायम अर्धा कपच करायची.

१३ एप्रिल, शनिवार
सुमीचा फोन. साहेब कचेरीत सगळ्यांना सांगतोय, दुष्काळात पाणी आधी दुसऱ्याला देणारी आजी बघून आलो. सुमी खूश. तिला काय सांगू.
टँकर आला. फळ्यावर गयाचं नाव टाकलं, माझं सगळ्यांच्या खाली. गया आली, वाचलं. म्हणाली, "अक्का, नुसतं लिहिता कशाला? उद्या संस्थेची बैठक हाय, बोला की."
चाळीस बाया बसतील. अध्यक्षपद काढून घेतील तर घेतील. गया पहिल्यासारखी बोलंल का पुन्हा? काय बोलायचं ते इथं लिहून बघते.
बायांनो, बुधवारी मी…