पाण्यात टाकलेला घास

रविवार, १८ जानेवारी, दिवेलागण

आज संतोषनं आम्हाला गंगाखेडला, गोदावरीकाठच्या नव्या बागेत नेलं. सून आणि नातही होती. तिथंच यांच्या अस्थी सोडल्या होत्या. आता तिथं झोके आहेत, रात्री राहायला तंबू आहेत.

घरी रोज पहिला घास यांच्यासाठी बाजूला काढते. आज तिथं जेवायला बसलो, तर तोच हात पाण्याकडं गेला. 'पाण्यात काही टाकू नका' अशा पाटीकडं बोट करत राखणदार आलाच. "मावशी, पाटी वाचता येत न्हाई का?"

म्हटलं, "येती की. वाचूनच टाकला."

सून हसली.

घास कितीतरी वेळ काठालाच हलत राहिला, पुढं जाईना. मी तरी काय बघत बसले?

निघताना नात म्हणाली, "आजी, पुढच्या शनिवारी तंबूत झोपू." संतोष हळूच म्हणाला, "आई, तुला नको वाटायलं असंल तर राहू दे. उद्या सांग."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. यांना जिथं सोडलं, तिथं हसतखेळत झोपायचं? आणि नाही म्हणावं तर पोरीला काय सांगू? तिच्यासाठी ती नुसती नदी आहे. तो घास डोळ्यांपुढून जात नाही. माशांनी खाल्ला असेल, एवढंच.

यांना एकट्यानं जेवायला कधी आवडलं नाही. शेजारच्याला तरी हाक मारायचे, मगच ताटावर बसायचे. आणि मी तिथं लेकराबाळांना जाऊ द्यायचं नाही म्हणते.

सकाळी संतोषला सांगते, तंबू घे, मोठा घे.