मापातली दोन बोटं

२ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

माझे गुडघे कसे आहेत विचारतेस. जागच्या जागी आहेत आणि दुखतात. फिजिओथेरपिस्ट झाल्यापासून तू माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त चौकशी करतेस. वजन होतं तेवढंच आहे, तेव्हा खाण्यापिण्यावर भाषण नको.

खरा वैताग कात्रीचा आहे. जाड कापड कापतच नाही. धारवाल्याकडे दोनदा दिली. तिसऱ्यांदा त्याने माझ्यासमोर कापडाच्या चार घड्या एका दमात कापून दाखवल्या. उद्धट मेला.

तुझा दादा पुन्हा मागे लागलाय, की शिवणाचं दुकान बंद कर, वरची खोली सोड आणि माझ्याकडे राहायला ये. त्याच्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणे. मी काय दिवसभर लिफ्टमधून वर-खाली करू? त्याला माझ्या दुखण्याबद्दल चकार शब्द कळवू नकोस.

लोभ आहे, तो तुझ्या गप्प बसण्यावर टिकून आहे.
तुझी मावशी

९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कात्री तू गुडघ्याने चालवतेस का? गुडघा झिजला तर जिना जड जाईल, हाताची पकड का जावी? धारवाला खरं बोलतोय. वयाबरोबर स्नायू आटतात, आणि गुडघेदुखीवाल्यांमध्ये ते लवकर ध्यानातच येत नाही. खुर्चीतून उठता येईना, की सगळे गुडघ्याला बोल लावतात. वजनही फसवतं, कारण स्नायू गेले तरी त्यांची जागा चरबी घेते.

टेप तुझ्या गळ्यातच असते. पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे मोज. बायकांचा आकडा तेहतीस सेंटिमीटरच्या खाली आला, की आम्ही पुढची तपासणी करतो.

दादाला मी कळवणार नाही, पण तू कळवावंस असं वाटतं.

लोभासोबत आकडाही पाठवावा.
तुझी चिमणी

१४ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

चौतीस. झालं समाधान?

लोभ तूर्तास आवरता घेते.
मावशी

१९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षं तू माप घेताना टेपखाली दोन बोटं सरकवतेस. तू शिवलेले फ्रॉक मला म्हणूनच दोन-दोन वर्षं पुरले. बोटं काढ आणि पुन्हा मोज.

राग आला तरी लोभ राहू दे.
चिमणी

२४ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

एकतीस. बोटं होती, मला कळलंसुद्धा नाही.

खरं सांगते, मी घाबरले होते. गुडघा दुखतो म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. अंगातली ताकद गेली म्हटलं की घर सोडायला लावतात. म्हणून सगळं गुडघ्यावर ढकलत आले. तुझं ते पकड मोजायचं यंत्र घेऊन ये.

लोभ कर आणि लवकर ये.
मावशी

६ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

जूनअखेर तुझ्या यंत्रावर तेरा किलो आले होते, परवा सतरा. तुला अठरा हवेत, म्हणजे अजून एकाची उधारी. तू सांगितलेल्या उठाबशा काढते, अंडी आणि डाळी खाते, वाळूच्या पिशव्या उचलते. गिऱ्हाइकं हसतात, त्यांनाही उचलायला लावते.

दादाला काल मीच सगळं सांगितलं. तेरा होते, सतरा झाले, आणि खोली मी सोडणार नाही. आज सकाळी तो सुताराला घेऊन दारात उभा. मला वाटलं, कपाटं खाली उतरवायला आला. त्याने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला.

मी आत जाऊन रडले. बाहेर येऊन त्याला ऐकवलं, की मला कशाला कठडे, मी मधून चढेन. तो गेल्यावर मात्र दोन्ही कठडे धरून वर गेले.

लोभ वाढवावा, व्यायाम आता वाढवू नयेत.
तुझी मावशी