तिसऱ्या ओळीची चाल

२० सप्टें. ६९, बालाघाट
तिसऱ्या ओळीला कमलची चाल वर चढायची की खाली उतरायची? मला सांगता येत नाही.

आज कमलची आई, काकू, येऊन गेल्या. कमल वारली त्या वर्षी त्यांच्या अंगणात भुलाबाई बसली नाही, पोरींची गाणी झाली नाहीत. यंदा बसवणार. "पण कोजागिरीले माह्या कमलनं बांधलेलं गाणंच पाहिजे. तिच्याच चालीत. तुलेच येते ते."
हौ म्हटलं. शब्द पाठ आहेत. चाल दोन ओळी येते, चौथीला परत भेटते. मधे कुठे जाते...

२८ सप्टें.
शाळेतून शिकवून येताना डॉक्टरांच्या खिडकीखाली उगाच थांबले. लहानपणी इथेच रेडिओ ऐकायचो. मी पेरूच्या झाडाआड, कमल भिंतीला टेकून. कितीतरी दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. एकदा आत कुणीतरी गाणं मधेच बंद केलं. उरलेलं तिने गुणगुणून पुरं केलं.
"असंच असन पुढं," म्हणाली.
तीच पहिली ओळख.
खिडकीला आता पडदा आहे. पेरू तसाच.

५ ऑक्टो.
मायला सांगून पाहिलं. ती भाकरी थापत म्हणाली, "कोणाले कळते? ठोक एखादी चाल! बी.ए. झाली, अन् एक ओळ ध्यानात नाही राह्यली."
दुपारी बसवली एक. गोड आहे. पण माझी आहे. काकू ती कमलची म्हणून ऐकतील, डोळे पुसतील. ते मला जमायचं नाही.

१५ ऑक्टो.
पहाटे कमल दिसली. मांडीवर खिरापतीचा डबा. गाणी संपली की तो हलवून आतलं ओळखायचं, त्यात तिचा हात कोणी धरत नसे. कान लावून सांगायची, "फुटाणे. गूळ बी हाय, पण बुडाशी चिकटला." आज ती डबा हलवत होती आणि आवाजच नव्हता. हसत होती.
"ओळख ना, सुमे."
जाग आली. खोलीभर फिकट उजेड, पाण्यासारखा.

२४ ऑक्टो., कोजागिरी
म्हटलं गाणं. पोरींना आधी सांगून ठेवलं होतं, तिसऱ्या ओळीला तोंडं मिटायची, नुसत्या टिपऱ्या. टक्, टक्, टक्. अंगणात चांदणं, आणि त्यात तेवढाच आवाज.
काकूंनी विचारलं, "तिसरी कुठी गेली वं, पोरी?"
"मले नाही सापडली, काकू. तिच्या जागी दुसरी नाही घातली."
त्यांनी खिरापतीचा डबा हलवला. पोरींनी सगळं सांगून पाहिलं, लाडू, चिवडा, करंज्या. एकही बरोबर नाही.
"कमलनं ओळखलं असतं," म्हणाल्या, आणि कोणी न ओळखताच झाकण काढलं. पहिली मूठ माझ्या हातावर. तिळाची चटणी! पोरी ओरडल्या, "अशी खिरापत असते का वो काकू?" तेव्हा कुठे त्या हसल्या.

२७ ऑक्टो.
भुलाबाई गेली, गाणं गल्लीत राहिलं. सकाळी दोघी बहिणी ओट्यावर टाळ्या वाजवून म्हणत होत्या. तिसऱ्या ओळीला मोठी चूप. धाकटीने मात्र मनानेच काहीतरी सूर लावला. मोठीने तिला चापट मारली, "तिथं चूप राहाचं असते!"
"काहून? असंच असन ना पुढं."
माझे पाय तिथेच थांबले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.
काकूंना काय वाटेल, ठाऊक नाही. पण मी मोठीला सांगून आले आहे, म्हणू दे तिले.