ताऱ्यावाचून अडत नाही

१४ जानेवारी, मंगळवार. सकाळी ९.
फ्रीजमधलं शिजवलेलं संपलं म्हणून ग्राझिनाला हाक मारली. घरात नाही. तिच्या उशीवर चिठ्ठी: बहिणीकडे लुब्लिनला जातेय, तुला माणूस लागतोच कुठे? मुद्दा बिनतोड. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर राहून एवढं तरी शिकली. मी अभ्यासिकेत झोपतो, जाताना तिने दाराचा आवाजसुद्धा केला नाही. समंजस बाई.

संकल्प: भटक्या ग्रहांवरचं पुस्तक महिन्याभरात पुरं. ताऱ्यापासून सुटलेला ग्रह अंधारात एकटा फिरतो, पण पोटात स्वतःची धग असते. वर हायड्रोजनचं जाड पांघरूण असलं की समुद्रही गोठत नाही. जगायला तारा लागतोच, हे निव्वळ लाड.

१५ जानेवारी.
बाहेर उणे बारा. घरातले सगळे हीटर बंद केले. ग्रहाने सोसायचं आणि लेखकाने शेकत बसायचं, हे बरं नव्हे.

१९ जानेवारी.
घरात अठरा अंश! मी, दोन स्वेटर आणि मनोबल. खगोल संस्थेत सांगितलं. माझा सहकारी यात्सेक म्हणतो, सर, वहिनींना आणा आधी, विज्ञान कुठे पळून जात नाही. पोरकट माणूस. लिखाण सुरू नाही, विचार मात्र जोरात.

२४ जानेवारी.
अजून अठरा. ग्राझिनाला कळवणार होतो. नको, तिला वाईट वाटेल.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या लेओकाद्याबाई. म्हणाल्या, अहो डॉक्टर, किती वाळलात, बिटाचं सूप देऊ का? ठाम नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. सूप छान होतं.

२ फेब्रुवारी.
लेओकाद्याबाई गुडघ्यांच्या उपचाराला तीन आठवडे आरोग्यधामात गेल्या. शांतता. आता पुस्तक.

३ फेब्रुवारी.
तेरा अंश. थर्मामीटर बिघडला.

४ फेब्रुवारी.
नवा थर्मामीटर आणला. नऊ. हाही बिघडलेला.

५ फेब्रुवारी. दुपार.
यात्सेकला फोन. हसतच सुटला. म्हणे, सर, खालच्या म्हातारीने जाताना आपले हीटर बंद केले असणार. इतके दिवस तिच्या छतातून ऊब वर येत होती, तुम्ही तिच्या जिवावर शेकत होतात!
पुस्तक: पाऊण पान. त्यातलं अर्धं खोडलेलं.

संध्याकाळी ६.
ग्राझिनाला फोन केला. ग्रहांचा विषय काढला नाही. म्हणालो, तुझ्यावाचून मला करमत नाही. त्या मंगळवारी तू गेलीस ना, त्या क्षणापासून घर खायला उठलंय.
ती म्हणाली, मंगळवारी? अरे, मी शनिवारी गेले.