पुस्तकातल्या मॅडम

चंद्रपूर, मुलींचं वसतिगृह
७ मार्च १९९९

प्रिय कुंदाताईस, तुह्या उर्वशीचा नमस्कार.

मी बरी आहो, खोकला गेला. बाळाले दात आले काय? भाऊजी कसे आहेत?

इथी दर शनिवारी एका पोरीले वाचलेल्या कादंबरीची गोष्ट अन् तिचा बोध सांगा लागते. काल माहा नंबर होता. वसतिगृहाच्या पुस्तकपेटीतल्या किशोर कादंबऱ्या मी साऱ्या वाचल्या, ताई. साऱ्या लबाड. एकीत शहरातली पोरं सुट्टीत जंगलात येऊन चोर धरतेत, अन् आपले लोक नुसते त्याइचं सामान उचलतेत.

कालच्या कादंबरीत बाप पोरीची शाळा सोडवते. मग मॅडम घरी येते, दोन शब्द बोलते, बापाच्या डोळ्यात पाणी येते अन् पोरगी परत शाळेत. सारं शेवटच्या दोन पानांत!

तू आठवी पास झाली तवा आपल्याहीकडे मॅडम आल्या होत्या. बाबा नुसते "हो जी, हो जी" म्हणत राह्यले. मॅडम चहा पिऊन गेल्या. धानाच्या रोवणीच्या आधी तुह्यं लगन झालं.

म्हणून मी बोध सांगतला, "मॅडम चहा पिऊन जातेत." पोरी हासल्या. वॉर्डनबाईनं मले जेवणापर्यंत उभं ठेवलं. ठेवू दे.

बाबाचं कार्ड आलं. "नववीची परीक्षा झाली का पेटी-बिस्तरा घेऊनच ये." दरसाली तर पेटी इथीच राह्यते. यंदा काऊन, ताई? तुले माहीत असंल तर खरं लिही.

गावच्या मॅडमले मात्र काई सांगू नको. आईले उगाच चहा मांडा लागंल.

तुहीच,
उर्वशी